फलाफलचा साचा आणि त्याच्या जोडीने विकले जाणारे पीठ

फलाफल, म्हणजे वाटलेल्या काबुली चण्यांचे अरबी मुलखातले तळलेले वडे, घरी करायचे म्हटले की ऑनलाइन दुकानांत दोन वस्तू हटकून पुढे येतात. एक म्हणजे खटका असलेला धातूचा छोटा साचा, ज्याला अरबी मुलखात ‘आलेब’ म्हणतात. आणि दुसरी म्हणजे ‘फक्त पाणी घाला’ असे सांगणारे तयार पिठाचे पाकीट. काही विक्रेते तर दोन्ही एकत्रच बांधून देतात. मी दोन्ही वापरली असून साच्याविषयी माझे मत चांगले आहे, पाकिटाविषयी नाही. मात्र साच्याचा गुण दिसायचा असेल तर त्यात काय भरायचे हे आधी नीट जमले पाहिजे, त्यामुळे या परीक्षणात साच्याइतकेच वाटणाविषयीही येणार आहे.

आधी साचा. पेचकसासारखी उभी मूठ, तिच्या टोकाला उथळ गोल वाटी आणि वाटीच्या तळाशी एक सुटी चकती, असे त्याचे रूप असते. मुठीजवळचा खटका अंगठ्याने खाली ओढला की चकती आत जाते आणि खळगा तयार होतो. त्यात वाटण भरून सोबत मिळणाऱ्या बोथट पात्याने वरून घुमटासारखा आकार द्यायचा आणि खटका सोडायचा, की स्प्रिंगच्या जोराने चकती वर येऊन वडा बाहेर ढकलते. सोऱ्यातला दट्ट्या उलट्या दिशेने काम करू लागला तर जे होईल ते इथे होते. यंत्र म्हणून यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही, आणि जे आहे ते म्हणजे स्प्रिंग. तिच्याविषयी पुढे लिहितो.

हे अवजार हौशी स्वयंपाकघरासाठी निघालेले नाही, हे ते हातात घेतल्यावर लगेच कळते. जॉर्डनमधल्या अम्मानच्या जुन्या बाजारातले हाशिम हे उपाहारगृह असो किंवा लेबनॉनमधल्या बैरुतमध्ये १९३३ साली सुरू झालेले आणि आता एकमेकांना खेटून असलेल्या दोन दुकानांत विभागलेले साह्यून असो, अशा ठिकाणी दिवसभर घाण्यामागून घाणा निघत असतो आणि प्रत्येक वडा सारख्याच वजनाचा, सारख्याच जाडीचा असणे ही तिथली गरज असते. कढईत एकाच वेळी पडलेले वडे एकाच वेळी तळून निघाले नाहीत तर काही करपतात आणि काही आतून कच्चे राहतात. साच्याचा खरा उपयोग इथे आहे. दिसायला सुबक वडे पडतात हा त्याचा दुय्यम फायदा. घरी तीस वडे तळतानाही हा फरक जाणवतो. हाताने वळलेल्या वड्यांत पहिला लिंबाएवढा आणि शेवटचा आवळ्याएवढा होतो, आणि मग झारा घेऊन एकेकाचा रंग बघत उभे राहावे लागते.

आता वाटण. ज्यांनी हरभऱ्याच्या डाळीचे वडे केले आहेत त्यांना फलाफलची निम्मी कृती आधीच येते, कारण तत्त्व तेच आहे: कडधान्य भिजवायचे, शिजवायचे नाही, आणि पाणी न घालता भरड वाटायचे. तरीही छोले करण्याची सवय असलेला हात काबुली चणे दिसले की कुकरकडे वळतो, आणि डब्यातले शिजवलेले चणे वापरायला सांगणाऱ्या पाककृतींचाही सुळसुळाट आहे. शिजवलेल्या चण्यातला स्टार्च आधीच फुगून गेलेला असतो आणि दाण्याने भरपूर पाणी धरून ठेवलेले असते. असे वाटण हाताला चिकट लागते, साच्यातून सुटत नाही, आणि तेलात गेल्यावर बिघडलेला अनारसा हसावा तसे हसते. नुसत्या भिजवलेल्या चण्यात मात्र स्टार्च कच्चाच असतो. तो तेलाच्या उष्णतेने तळताना, वड्याच्या आत, फुगतो आणि भरड कणांना एकमेकांशी बांधतो. म्हणूनच अस्सल फलाफलमध्ये अंडे, मैदा किंवा पावाचा चुरा लागत नाही. साच्यातून पडलेला कच्चा वडा बोटाने टोचला तर भुगा होईल इतका नाजूक असतो, पण तेलात अर्धे मिनिट गेले की त्याला धरबंध येतो.

प्रमाणाचा हिशेब असा. २५० ग्रॅम कोरडे काबुली चणे भरपूर पाण्यात किमान १२ तास, आणि जुने चणे असतील तर १८ ते २४ तास भिजवावेत. हवा गरम असेल तर भांडे फ्रीजमध्ये ठेवावे, नाहीतर पाण्यावर फेस येऊन आंबूस वास धरतो. भिजून त्यांचे वजन साधारण दुप्पट, किंचित जास्तच, होते. दाणा नखाने दाबल्यावर सरळ दुभंगला आणि मध्यभागी पांढरा कोरडा ठिपका दिसला नाही, म्हणजे भिजला. मग चाळणीवर निथळत ठेवायचे आणि निथळल्यावर स्वच्छ पंचावर पसरून कोरडे करायचे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग वाटण सैल झाले म्हणून बेसन घालत बसतात. एवढ्या चण्यांना एक मध्यम कांदा, पाच-सहा लसूण पाकळ्या, मूठभर कोथिंबीर, मिळाल्यास तेवढीच पार्स्ली, दोन चमचे धणेपूड, दीड चमचा जिरेपूड, थोडी मिरपूड आणि दीड चमचा मीठ एवढे पुरते. गरम मसाला घालण्याचा मोह आवरावा. लवंग-दालचिनी पुढे आली की चव आपल्या ओळखीच्या वड्याकडे झुकते. फार तर हिरव्या मिरच्या घालाव्यात, कारण तिकडेही काही घरांत तिखट फलाफल करतात.

इजिप्तमध्ये हाच पदार्थ चण्याऐवजी सोललेल्या, दुभंगलेल्या बाकल्याचा करतात, त्याला कैरोत ‘तामेया’ म्हणतात, आणि भरपूर हिरव्या पाल्यामुळे तो आतून गर्द हिरवा असतो. आकारही जरा पसरट, आणि वर तिळाचा थर. बाकला आपल्याकडे शेंग म्हणून काही भागांत मिळतो, पण वाळवलेली सोललेली डाळ शोधायला बरीच पायपीट करावी लागते. शिवाय जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांना बाकला वर्ज्य आहे, हेही पाहुण्यांना वाढताना ध्यानात ठेवलेले बरे. चण्याच्या वाटणाला ही अडचण नाही.

वाटणासाठी फूड प्रोसेसर असेल तर उत्तम, पण घरोघरी असतो तो मिक्सर, आणि मिक्सरचा स्वभाव खाली पेस्ट आणि वर अख्खे दाणे ठेवण्याचा आहे. त्यावर उपाय म्हणजे भांडे एक तृतीयांशच भरायचे, बटण एकसलग न चालवता उलट्या दिशेने झटके देत फिरवायचे आणि दर दोन-तीन झटक्यांनी भांडे काढून चमच्याने खालचे वर करायचे. कांदा चण्यांबरोबर वाटू नये. तो वेगळा बारीक चिरून, हलके पिळून, मग मिसळावा, नाहीतर त्याच्या पाण्याने चण्यांची पेस्ट होऊ लागते. जाड रव्याएवढे कण झाले, मुठीत दाबल्यावर गोळा टिकला आणि मूठ उघडल्यावर बोटांना पाणी लागले नाही, की थांबावे. वाटण झाकून तासभर फ्रीजमध्ये मुरू द्यावे. मीठ आणि पाव ते अर्धा चमचा खाण्याचा सोडा तळणीच्या अगदी आधी घालावा. मिठाने पाणी सुटते, आणि सोडा आधी घातला तर त्याचा जोर कढईपर्यंत टिकत नाही. सोड्याने वडा आतून हलका होतो आणि बाहेरून लवकर लाल होतो, पण चमचा भरून घातला तर साबणासारखी चव येते.

असे वाटण हाती असेल तर साचा किती शहाणा आहे हे समजते, आणि नसेल तर तो किती हट्टी आहे हेही. चांगले वाटण वाटीत भरताना हलकेच दाबले जाते, पात्याने कडा साफ केल्यावर घुमट उभा राहतो आणि खटका सोडताच वडा तळाला न चिकटता सुटतो. वाटण ओले असेल तर चकती वर येते पण वडा तिला धरून बसतो, तो झटकून पाडावा लागतो आणि झटका दिला की गरम तेल उडते. वाटण फार जाडेभरडे असेल तर वडा सुटताना अर्ध्यावर चिरतो. म्हणजे हाताने वळताना जी उणीव आपण थोडे जास्त दाबून झाकून नेतो, ती साच्यात लपत नाही. मला हा त्याचा गुणच वाटतो, पण सगळ्यांना वाटेलच असे नाही. दाबून भरण्याबद्दलही एक सांगितले पाहिजे: साचा आहे म्हणून वाटण ठासून भरले तर वडा आतून गच्च होतो आणि मध्यभागापर्यंत शिजत नाही. पोळपाटावर पिठी भुरभुरताना जेवढा हात हलका असतो तेवढाच इथे असावा.

साच्यातून थेट तेलात वडा सोडणे दुकानात शोभते. तिथे कढया रुंद असतात आणि हात सरावलेले. घरच्या कढईवर धातूचा साचा वाफेत धरला की दोन-चार वड्यांतच वाटी तापते आणि वाटण तळाला चिकटू लागते. ॲल्युमिनियमच्या साच्यात हे अधिक लवकर होते. त्यामुळे सहा-सात वडे आधी तेलाचा हात लावलेल्या ताटात पाडून घ्यावेत आणि पसरट उलथन्याने एकेक उचलून तेलात सरकवावा. पाते मधूनमधून पाण्यात बुडवून निथळून घ्यावे, साचा मात्र बुडवू नये, कारण चकतीखाली पाणी राहिले तर ते नेमके तेलात पडते. तीळ लावायचे असतील तर भरलेला साचा उलटा करून घुमट तिळाच्या बशीत टेकवावा. तीळ एकाच बाजूला, पण सारखे लागतात.

तेल १७५ ते १८० अंश सेल्सियस असावे. थर्मामीटर नसेल तर वाटणाचा कण टाकून बघावा: तो बुडून, लगेच बुडबुडे सोडत वर आला पाहिजे, तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे आणि वडे तेल पितील, पडताक्षणी लाल झाला तर आतला भाग कच्चा राहील. साडेचार सेंटिमीटरच्या साच्यातला, सुमारे २५ ग्रॅमचा वडा तीन ते चार मिनिटांत होतो. पहिले अर्धे मिनिट झारा लावू नये. चण्याच्या वरच्या प्रमाणात असे पंचवीस-एक वडे होतात. तळून झालेला वडा मोडला तर वरचे कवच पातळ आणि खडबडीत, आणि आतला भाग ओलसर, हिरवट, कणीदार दिसायला हवा. आत पिवळा घट्ट लगदा असेल तर वाटण बारीक झाले असे समजावे.

आता पाकिटाकडे वळतो. ज्या कंपनीचे पीठ मी आणले तिचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण त्यातील दोष एका कंपनीचा नसून या प्रकारच्या वस्तूचाच आहे. पाकिटावरील यादीत चण्याचे पीठ, काही ठिकाणी बाकल्याचे पीठ, वाळवलेला कांदा-लसूण, मसाले, मीठ आणि सोडा असतो. पाणी घालून अर्धा तास ठेवले की मऊ गोळा तयार होतो, आणि खरे सांगायचे तर साच्यातून तो फार सुंदर पडतो. पण पीठ कितीही भिजवले तरी त्याची भरड होत नाही. तळल्यावर कवच कुरकुरीत असते, आत मात्र भज्याच्या जाड बुंध्यासारखा एकजीव गर, आणि पाला वाळका असल्याने हिरवेपणा नावालाही नाही. मिठाचे प्रमाण आपल्या हातात राहत नाही. माझ्या जिभेला ते जास्तच वाटले. वसतिगृहात राहणाऱ्या किंवा मिक्सर नसलेल्या माणसाला हे पीठ उपयोगी पडेल, हे मान्य करतो. त्यात भिजवून भरड वाटलेले थोडे चणे मिसळले तर ते बरेच सुधारते, पण चणे भिजवायचेच असतील तर पाकीट कशाला आणायचे, हा प्रश्न उरतोच.

साच्याला पर्याय आहेत का? आईस्क्रीमचा छोटा खटक्याचा डाव बऱ्यापैकी काम करतो. त्यातून गोळा पडतो, तो ताटात पडल्यावर तळव्याने किंचित चपटा करावा लागतो. दोन चमच्यांनी वळण्याची पद्धतही चांगली, फक्त वेळ लागतो. आप्पेपात्राविषयी उत्सुकता असणाऱ्यांसाठी: प्रत्येक खळग्यात चमचाभर तेल घालून, मंद आचेवर, झाकण न ठेवता केले तर मला ते एअर फ्रायरपेक्षा अधिक पटले. एअर फ्रायरमध्ये वडे आतून कोरडे आणि पिठूळ होतात, कारण त्यांना सर्व बाजूंनी एकदम कवच धरायला तेलाचा वेढाच मिळत नाही. वरून तेल फवारल्याने रंग येतो, ओलावा टिकत नाही.

सोबतीला काय, हा या परीक्षणाचा विषय नाही, तरी ताहिनीबद्दल एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. पॉलिशचे पांढरे तीळ मंद भाजून, थोड्या तेलाबरोबर मिक्सरला एकजीव होईपर्यंत फिरवले की घरची ताहिनी होते. तिच्यात लिंबाचा रस घातल्याबरोबर ती घट्ट होऊन फुटल्यासारखी दिसते आणि अनेक जण तिथेच हात टेकतात. पण गार पाणी चमच्या-चमच्याने घालत ढवळत राहिले की ती पुन्हा गुळगुळीत आणि पांढरीशुभ्र होते. लसूण आणि मीठ घातले की झाली चटणी. बीटच्या तुकड्याने गुलाबी केलेले सलगमचे लोणचे मिळाले तर हवेच. इराकमध्ये आणि तिथून आलेल्या लोकांमुळे इस्रायलमध्येही फलाफलबरोबर मेथी-हळद घातलेली कैरीची आंबट ‘अंबा’ देतात, आणि तिच्याजागी घरचे कैरीचे लोणचे वाटून, थोडे पाणी घालून सैल केले तर मुळीच परके वाटत नाही.

साचा घ्यायचाच असेल तर काही गोष्टी पाहून घ्याव्यात. स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. ॲल्युमिनियमचा स्वस्त आणि हलका असतो, पण लवकर तापतो आणि घासून-घासून काळपट होतो. पितळी साचा देखणा आणि हाताला वजनदार लागतो, मात्र लिंबा-चिंचेने तो वरचेवर उजळावा लागेल. प्लॅस्टिकचे साचे गरम कढईजवळ नेण्याच्या लायकीचे नाहीत. व्यास चार ते साडेचार सेंटिमीटरच असावा. साडेपाच-सहाचा साचा तामेयासारख्या पसरट वड्याला ठीक आहे, पण तो काठोकाठ भरून तळला की मधला भाग मागे राहतो. मोठाच साचा घरात असेल तर वड्याच्या मधोमध बोटाने भोक पाडावे, लेव्हंटमध्ये, म्हणजे सीरिया-लेबनॉन-जॉर्डनच्या पट्ट्यात, काही दुकानांत तसेच करतात. वस्तू हाती आल्यावर खटका दहा-वीस वेळा दाबून बघावा आणि चकती दर वेळी वाटीच्या काठापर्यंत सपाट येते का, तिरपी अडकते का, ते पाहावे. तिरपी येत असेल तर लगेच परत करावी, ती पुढे सुधारत नाही.

राहिली स्प्रिंग. चण्याचे वाटण वाळले की सिमेंटसारखे होते, आणि वाळते ते नेमके चकतीमागच्या स्प्रिंगमध्ये, जिथे घासणी पोचत नाही. शेवटचा घाणा कढईत असतानाच साचा कोमट पाण्यात टाकून खटका पाण्याखाली दाबत राहिले की सगळे निघून जाते. चकती स्क्रूने सुटणारी असेल तर फारच छान. तसा साचा थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा. धुतल्यावर उलटा ठेवून पूर्ण वाळवावा, कारण स्टीलच्या साच्यातही स्प्रिंग पुष्कळदा साध्या लोखंडाची असते आणि तिला गंज चढतो.

ज्यांच्या घरी महिन्यातून एकदा तरी आठ-दहा माणसांचे फलाफल होतात, त्यांनी हा साचा जरूर घ्यावा. दोघांपुरते वर्षातून कधीतरी करणाऱ्यांना आईस्क्रीमचा डाव पुरेल, आणि वाचलेल्या पैशांत चांगले तीळ येतील.